कोपऱ्यातल्या पंतप्रधान

आमच्या वन्सं टीव्हीवर दिसतात आणि त्यांना कुणीही ओळखत नाही. संसदेचं कामकाज दाखवतात ना, तेव्हा पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एका गोलात एक बाई हातवारे करत उभी असते. ती माझी नणंद, ज्यांना ऐकू येत नाही त्यांना सभागृहातलं बोलणं हातांच्या भाषेत सांगते. लोकांना वाटतं, काय ही बाई सारखी माश्या वारतेय! आमच्या गल्लीतल्या एका शहाण्यानं तर मला तोंडावर सांगितलं, तो गोल मध्ये येतो हो, खालच्या बातम्यांची ओळ वाचता येत नाही. मी म्हटलं, देवानं तुम्हाला कान दिलेत ना, मग ऐका की! तेव्हापासून तो पँटी दुसरीकडे शिवायला टाकतो. टाकू दे.

माझं शिवणकामाचं दुकान आहे, पुढे दुकान आणि मागे घर. वन्संचे कामाचे कपडे मीच शिवते. गडद निळे, बिनफुलांचे, पुढे एकही बटण नाही, कारण बघणाऱ्याची नजर हातांवरून हलायला नको. बांगडी नाही, अंगठी नाही, नखांना रंग नाही. एकदा मी हौसेनं गळ्याला बारीकशी लेस लावली, तर ती त्यांनी माझ्यासमोर बसून उसवली. वर म्हणाल्या, “अगं, पंतप्रधान लेस लावतात का?”

त्यांची खोली संसदेच्या तळघरात, कँटीनच्या भांडी घासायच्या जागेला लागून आहे. मी एकदा कपडे द्यायला गेले तेव्हा बघितली. करड्या कापडाची भिंत, दोन दिवे, एक कॅमेरा, आणि वरचं सभागृह दाखवणारा छोटा टीव्ही. जमिनीवर चिकटपट्टीची फुली, तिच्यावरच उभं राहायचं. कानात वरचा गोंधळ आणि भिंतीपलीकडून ताटांचा खणखणाट. इतर वेळी दोघीतिघी आळीपाळीनं उभ्या राहतात, पण आठवड्यातून एकदा पंतप्रधान स्वतः प्रश्नांना उत्तरं देतात, तो तास वन्संचा. ते फार भरभर बोलतात आणि मध्येच टोमणे मारतात. बाकीच्यांची गाडी तिथे अडते, वन्संची नाही.

हे काम त्यांच्या वाट्याला आलं ते माझ्या नवऱ्यामुळे. नवऱ्याला मी मास्तर म्हणते. कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत ते सुतारकाम शिकवतात, आणि शिकले पण तिथेच. लहानपणी तापात कान गेले. वन्सं चार वर्षांनी मोठ्या. सुट्टीत मास्तर शाळेतून हातांची भाषा घरी घेऊन यायचे आणि ती शिकायच्या एकट्या वन्सं. सासूबाईंना एवढ्याच खुणा यायच्या: जेव, झोप, इकडे ये, आणि “नंतर सांगते”. घरात पाहुणे हसले की मास्तर विचारायचे, काय झालं? नंतर सांगते. कुणी रडलं की विचारायचे. नंतर सांगते. ते नंतर काही उजाडायचं नाही.

एकदा जेवताना घरातले एक काका म्हणाले, “ह्याचं पुढे काय करायचं ठरवलंय? का जन्मभर पोसत बसणार?” सगळे ताटातला भात कालवत राहिले. नऊ-दहा वर्षांच्या वन्संनी हातातला घास खाली ठेवला आणि समोर बसलेल्या भावाला ते सगळंच्या सगळं सांगितलं, काकांची भुवई कशी वर गेली त्यासकट. सासूबाईंनी एक ठेवून दिली. म्हणाल्या, “कार्टे, त्याला कशाला सांगितलंस?” तर ही म्हणे, “त्याच्याबद्दलच होतं ना!”

माझ्या लग्नाच्या बोलण्यातसुद्धा हेच. माझ्या बाबांनी सरळ विचारलं, मुके लोक फार रागीट असतात म्हणे, मुलगा कसा आहे? मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दुसरं कुणी असतं तर प्रश्न गिळला असता. वन्संनी तो जसाच्या तसा भावाला दिला. मास्तरांनी उत्तर दिलं आणि वन्सं गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, “मला राग येतो. पण मला ओरडता येत नाही, त्यामुळे शेजाऱ्यांना त्रास नाही.” बाबा एवढे हसले की चहा सांडला. मी तिथेच हो म्हणून टाकलं.

ते “मला” लक्षात आलं का? वन्संच्या कामाचा तो नियमच आहे. दुसऱ्याचं बोलणं सांगताना “ते असं म्हणतात” असं म्हणायचं नाही. मधून आपण उठून जायचं आणि ज्याचं बोलणं त्याचं “मी” वापरायचं. चेहराही त्याचाच घ्यायचा, कारण हातांच्या भाषेत आवाजाचा चढउतार चेहऱ्यावरच असतो. पंतप्रधान चिडले की वन्सं चिडतात, ते हसले की वन्सं हसतात. ऐकू न येणाऱ्या मंडळींनी पंतप्रधानांना खुणेचं नावही ठेवलंय. त्यांना बोलायच्या आधी चष्मा एका बोटानं वर सरकवायची सवय, म्हणून नाव तेच: नाकावर बोट, वर सरकवायचं. देशाचे पंतप्रधान कोण असं विचारलं, तर आमच्या घरी येणारी शाळेतली लहान पोरं बिनदिक्कत वन्संकडे बोट दाखवायची. आम्ही हसायचो. ते हसणं फार दिवस टिकलं नाही.

झालं असं, की सरकारनं एक धोरण आणलं. विशेष मुलांच्या निवासी शाळा हळूहळू मिटवायच्या आणि मुलांना आपापल्या गावच्या साध्या शाळेत बसवायचं. विरोधी बाकावरच्या एक डॉक्टरबाई उभ्या राहिल्या. त्यांनी विचारलं, त्या गावच्या शाळेत हातांची भाषा येणारा एक तरी शिक्षक असणार आहे का? पंतप्रधानांनी चष्मा वर सरकवला. म्हणाले, “मी इथल्या निवासी शाळेत जाऊन आलेलो आहे. फार गोड मुलं आहेत. मला त्यांना भिंतीआड ठेवायचं नाही. सन्माननीय सदस्यांना ठेवायचं असेल तर त्यांनी तसं सांगावं.” आणि हसले. कपड्यावरचा धागा झटकावा तसं ते हसणं होतं. त्यांच्या मागच्या बाकांवर हशा पिकला. प्रश्नाचं उत्तर? कशाचं काय!

शाळेच्या जेवणघरात मास्तर मुलांना घेऊन हे बघत होते. पडद्याच्या कोपऱ्यात त्यांची सख्खी बहीण छातीवर बोट ठेवून सांगत होती, मला तुम्हाला भिंतीआड ठेवायचं नाही. आणि हसत होती.

रविवारी वन्सं नेहमीसारख्या आमच्याकडे आल्या. आमची बेल वाजत नाही, दिवा लुकलुकतो. मास्तरांनी दार उघडलं आणि विचारलं, “तू हसलीस का?”

“ते हसले,” वन्सं म्हणाल्या.

“बातमी सांगायची होती, सांग. हसायची काय गरज होती? ती शाळा म्हणजे माझं घर आहे.”

“ते हसत होते आणि मी गंभीर चेहरा ठेवला असता, तर तुम्हाला वाटलं असतं त्यांना वाईट वाटतंय. त्यांना वाटत नव्हतं वाईट.”

मास्तरांनी काय करावं? डोळे मिटले. तुम्हा-आम्हाला वाटेल, मिटले तर मिटले. पण हातांनी बोलणाऱ्या माणसासमोर डोळे मिटणं म्हणजे तोंडावर दार आपटणं. बोलणार कुणाशी? वन्सं हात वर धरून तशाच उभ्या राहिल्या. मग हात खाली घेतले, पिशवी उचलली आणि मला म्हणाल्या, “येते गं.” चहासुद्धा घेतला नाही.

त्यानंतर त्या आल्याच नाहीत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी मास्तरांना नाही नाही ते सुनावलं. हातांनी सुनावलं, मग हात दमल्यावर तोंडानं, त्याचा त्यांना काय उपयोग! उचलली जीभ लावली टाळ्याला, असं करणारी आमच्या घरात मी एकटीच. मास्तर एवढंच म्हणायचे, “मला माहीत आहे ते तिचं काम आहे. पण चेहरा तिचा होता.” टीव्हीवर संसद लागली की ते रंधा घेऊन मागे अंगणात जायचे. शाळा राहते का जाते ती काळजी होतीच, पण माझा जीव टांगणीला लागला होता तो ह्या दोघांपायी. ज्या माणसाला जग तिच्या हातांतून कळलं, त्यानं तिच्याकडे बघायचंच सोडलं तर दोघांनी जायचं कुठे?

मी वन्संकडे जाऊन म्हटलं, “अहो, एकदा माफी मागून मोकळ्या व्हा की. धाकटा आहे, विरघळेल.”

त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. म्हणाल्या, “कशाची माफी मागू? पुढच्या वेळी ते हसले तर मी परत हसणारच.”

भाऊ तसा, बहीण अशी. एकाच माळेचे मणी!

पुढे डॉक्टरबाईंनी तो प्रश्न परत लावून घेतला आणि शाळेतल्या मोठ्या मुलांसाठी प्रेक्षक गॅलरीचे पास मिळवून दिले. मास्तर गेले, बरोबर मोठ्या बाई. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. ऐकू येणाऱ्या, हातांची भाषा उत्तम, आणि जीव तर असा लावतात की पोरं त्यांना सोडून घरी जायला रडतात. एकच खोड आहे. कडू असेल ते साखर घालून द्यायचं. डॉक्टर म्हणाले, कान सुधारणार नाही, तर बाई सांगणार, डॉक्टर म्हणतात तू फार हुशार आहेस. गॅलरीत टीव्हीचा पडदा नव्हता, म्हणजे वन्संही नव्हत्या. वरून खाली बघायचं आणि बाईंच्या हातांवर विसंबायचं.

मी दुकानात मशीन बंद करून टीव्हीसमोर बसले. कॅमेरा अधूनमधून गॅलरीवर जायचा. तिथे शांतता पाळा अशी पाटी असते. आमची मंडळी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला हातांनी खुशाल गप्पा छाटत होती, आणि तिथला शिपाई ओठांवर बोट ठेवून येरझाऱ्या घालत होता. गप्प करायचं कसं हेच बिचाऱ्याला उमगेना, कारण आवाज तर कसलाच नव्हता. मला हसू आवरेना.

मग पंतप्रधान उठले. चष्मा वर गेला. “ह्या सरकारनं एकही शाळा बंद केलेली नाही, आणि करणारही नाही.”

पडद्यावर परत गॅलरी दिसली. मोठ्या बाईंनी दोन्ही हात उंचावून हलवले. आमच्याकडे टाळ्या अशाच वाजवतात. पाठोपाठ सगळ्या मुलांचे हात वर, आणि मधोमध माझे मास्तर, दोन्ही हात उंच करून हलवताहेत, तोंडभर हसताहेत. पंतप्रधानांनी वर बघितलं, हात हलवला आणि पुढे बोलत राहिले. “मुलं यंदाचं वर्ष तिथेच पूर्ण करतील. पुढच्या वर्षापासून ती गावातल्या शाळेत, सगळ्यांच्या बरोबरीनं बसतील. इमारत प्रशिक्षण केंद्रासाठी वापरली जाईल. ह्याला शाळा बंद करणं म्हणत नाहीत, शाळा मोठी करणं म्हणतात.” आणि तेच ते हसू.

गॅलरीतले हात अजून हलतच होते. मोठ्या बाई डोळे पुसत होत्या, त्या पुढचं ऐकतच नव्हत्या.

आणि कोपऱ्यात वन्सं. त्यांच्यासमोरच्या छोट्या टीव्हीवर त्यांनाही गॅलरी दिसत असणार. आनंदानं नाचणारा भाऊ दिसत असणार. पण हात थांबले नाहीत. छातीवर बोट, मी. इमारत वापरणार. शाळा मोठी करणार. आणि त्या हसल्या. बाई गं, ते हसू बघून मी दुकानात एकटी रडले. त्या क्षणी मला त्यांचा इतका अभिमान वाटला, आणि इतकी दया आली, की काय सांगू!

संध्याकाळी मास्तर आले ते उड्या मारतच. मला उचलायला बघितलं, माझं वजन आठवून थांबले. “शाळा बंद होणार नाही! त्यांनी आमच्याकडे बघून हात केला! जेवणघरात गोड केलंय, तू पण चल!” त्यांचे हात इतके भरभर चालले होते की मला निम्मं कळेना. इतके खूश ते किती दिवसांत दिसले नव्हते. खरं सांगू, माझ्या मनात आलं, आजची रात्र जाऊ दे. उद्या बघू. मग वाटलं, मी कोण ठरवणार? आजवर सगळ्यांनी हेच केलंय त्यांच्या बाबतीत.

कामकाज संध्याकाळी पुन्हा दाखवतात. मी टीव्ही लावला आणि कोपऱ्याकडे बोट केलं. मास्तरांचा चेहरा उतरला, उठायला लागले. मी खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. “तुमच्याबद्दल आहे, बघा,” म्हटलं.

त्यांनी बघितलं. शेवटपर्यंत बघितलं. गॅलरीतले स्वतःचे हात बघितले, आणि त्याच वेळी कोपऱ्यातली बहीण काय सांगत होती ते बघितलं. मग मला परत दाखवायला सांगितलं. तसं होत नाही म्हटल्यावर ते हळूच म्हणाले, “तिनं मला नाचताना बघितलं असेल.”

मी म्हटलं, “बघितलं.”

त्यांनी चपला घातल्या. मी विचारलंच नाही कुठे, मागोमाग निघाले. वन्संच्या दाराशी गेल्यावर मास्तरांनी बेल वाजवली, आणि वन्संनी दार उघडताच ते म्हणाले, “मुलं तिकडे गोड खाताहेत. त्यांना खरं सांगायचंय. तू सांग, तुझ्याइतकं नीट कुणाला येत नाही.” ना माफी, ना काही. वन्संनीही मागितली नाही. पायात येतील त्या चपला घालून निघाल्या. एक पाय त्यांच्याकडे राहिलेल्या माझ्या जुन्या चपलेत होता, तो त्यांना शाळेत पोचल्यावर दिसला.

जेवणघरात मोठ्या बाई आडव्या आल्या. मला म्हणाल्या, “अहो, आजच्या दिवस झोपू द्या त्यांना आनंदानं. उरलेलं मी नंतर सांगणारच होते.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना पुढचं कुणीतरी वाटेत सांगितलं होतं. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. मास्तरांनी त्यांना हात जोडले, आणि बाकांमधून वाट काढत पुढे गेले. जमिनीवर जोरात पाय आपटला. लाकडी जमीन हादरली, सगळ्या मुलांनी वळून बघितलं.

वन्संनी सांगायला सुरुवात केली. बोट नाकावर, वर सरकवलं. एकही शाळा बंद करणार नाही. मुलांनी परत हात हलवले. वन्सं थांबल्या नाहीत. यंदाचं वर्ष तिथेच. पुढच्या वर्षापासून गावातल्या शाळेत. हलणारे हात एकेक करून खाली आले. आणि मग तो हसण्याचा भाग आला, आणि वन्सं हसल्या.

पुढच्या बाकावरची सगळ्यात धाकटी मुलगी उठली, चमचा हातात तसाच. “तू का हसतेस?” तिनं विचारलं. “तू वाईट आहेस.”

वन्संचे हात अर्ध्यावर राहिले. एवढी वर्षं मोठमोठ्या मंत्र्यांची भांडणं ह्या हातांनी पेललेली, पण त्या पोरीसमोर ते पुढचा शब्द उचलेनात. ओठ अजून त्या हसण्यात अडकलेले, आणि डोळ्यांतून पाणी. त्यांनी चेहरा झाकला. आता ह्यांना सांगणार कोण?

मास्तर पुढे झाले. बहिणीच्या शेजारी उभे राहिले, खांद्याला खांदा लावून. “ही नाही हसली,” ते मुलांना म्हणाले. “ते हसले. हिनं तुमच्यापासून लपवलं नाही. माझ्यापासून कधीच लपवलं नाही. ती थोडं थांबेल, पुढचं मी सांगतो.”

मग त्यांनी बोट नाकावर ठेवून वर सरकवलं. छातीवर बोट ठेवलं, मी. मी शाळा बंद करत नाही, मी शाळा मोठी करतो. सगळी मुलं टक लावून त्यांच्याकडे बघत होती. वन्संनी चेहऱ्यावरचे हात काढले होते, त्याही बघत होत्या. आणि माझे मास्तर, ज्यांचं घर जाणार होतं ते माझे मास्तर, मुलांकडे बघून हसले. अगदी तसंच.